पक्ष्यांच्या बेटावरच्या शेळ्या

बेलार्मिनुबद्दल चांगले काही लिहावे असे मला कधी वाटले नाही. साल्गादा गावात तो जन्मला, तिथेच उनाडला, आणि ज्या वयात इतर माणसांना निदान एखादा धंदा येत असतो त्या वयात त्याला सरकारी टोपी मिळाली. तरीही त्याची हकीकत लिहितो आहे. बाहेरून येणारे लोक हल्ली त्याचे फोटो काढतात आणि परत जाऊन भलतेच काहीतरी सांगतात. निदान आपल्या माणसांना तरी खरे काय ते ठाऊक असावे.

त्याच्या बापाची होडी होती. बाप समुद्रावर गेला की बेलार्मिनु वाळूवर झोपे आणि होडी वर ओढली गेली की तिच्या सावलीत झोपे. तरुणपणी त्याला एकच काम जमे. अंडी घालायला वाळूवर आलेले कासव तो पाठीवर उलथे पाडी. कासव पळत नाही, अंगावर येत नाही, कोणाला हाक मारत नाही. त्यामुळे ते बेलार्मिनुच्या पराक्रमात बसे. मग तो गावात येऊन देवमासा मारल्याच्या थाटात सांगत सुटे.

“न्यो तेओफ्लु, काय धूड होतं सांगू! दोन हातांत मावत नव्हतं!”

न्यो तेओफ्लु हा गावातला म्हातारा नावाडी; आमच्याकडे मान द्यायचा तर पुरुषाला न्यो आणि बाईला न्या म्हणतात. तो तोंडातला पाइपही न काढता विचारी, “तू झोपेत त्याच्यावर पडलास, का तेच वाट चुकून तुझ्यावर पडलं?”

पुढे कासवांना हात लावायला बंदी आली. किनारा आणि किनाऱ्यासमोरचे पक्ष्यांचे बेट, दोन्ही राखीव झाली. पक्ष्यांचे बेट म्हणजे खडकाचा एक पसरट तुकडा. त्यावर आल्कात्राश नावाचे मोठे तपकिरी समुद्रपक्षी दगडांच्या फटीत, उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आता राखीव म्हटले की राखणदार हवा. समुद्राची खडान्‌खडा माहिती असलेली माणसे गावात होती, पण त्यांच्यापैकी कोणीही आमच्या नगराध्यक्षांचा धर्मपुत्र नव्हता. बेलार्मिनु होता. मी त्या वेळी नगरपालिकेत होतो. नेमणुकीला कोणी हरकत घेतली नाही. नगरपालिकेत हरकत घेण्याची पद्धतच नाही.

त्याला हिरवी टोपी मिळाली, पुढे पक्ष्याचे चित्र भरलेली. बेटासमोर किनाऱ्यावर पहाऱ्यासाठी एक खोपटेही बांधून मिळाले. खोपट्यात त्याने कधी पाऊल टाकले नाही, टोपी मात्र कधी काढली नाही. प्रार्थनेला टोपी, न्हाव्याकडे टोपी. न्हावी बिचारा टोपीच्या कडेकडेने कापत बसे. एकदा मयताला खांदा देतानाही ती डोक्यावर पाहून न्या बियाट्रिश म्हातारी म्हणाली, “अरे मेल्या, आता तरी काढ! हा काही बेटावर उडून जायचा नाही.”

“ड्युटीवर आहे मी, न्या बियाट्रिश,” हा म्हणाला.

त्याच सुमारास तो देओलिंदाच्या घरात राहायला गेला. गेला म्हणजे अंगावरच्या सदऱ्यानिशी गेला. घर देओलिंदाच्या बापाने दगडावर दगड रचून बांधलेले, वाडगे त्याच्याच हातचे, शेळ्याही त्याच्याच वाणाच्या. डाव्या कानाला चिमणीच्या शेपटीसारखा फाटा आणि उजव्याला खालून खाच, ही त्या घराची खूण. आमच्याकडे शेळ्या मोकाट चरतात. कोणाची शेळी कोणती हे कानावरून ठरते आणि कानाची खूण बापाकडून लेकराकडे जाते. देओलिंदाला भाऊ नव्हता, म्हणून खूण तिच्याकडे आली. बाकी तिच्याकडे काही आले नाही. या शेळ्या म्हणजे तिचे पोट, तिचा मान आणि बोलायला माणूस नसेल तेव्हा तिचे बोलणेही.

लग्न झालेले नव्हते. आमच्याकडे पुष्कळांचे होत नाही, त्यात विशेष काही नाही. पण देओलिंदाला ते हवे होते आणि ती मागत होती. दर वर्षी गावच्या संताच्या, सां जॉनच्या, सणाला ती विचारी आणि दर वर्षी हा म्हणे, “पुढच्या सां जॉनला नक्की. पाद्रीला मीच सांगतो.” माणसाला फसवायचे तर दर वेळी निराळी थाप मारावी लागते. बेलार्मिनुला तेवढेही कष्ट घ्यावे लागले नाहीत.

मग पावसाने दडी मारली. एक वर्ष गेले, दुसरे गेले. ओढ्यांच्या पात्रात खजुराची झाडेही पिवळी पडली. शेळ्या पुठ्ठा खाऊ लागल्या, मग दोऱ्या, मग एकमेकींच्या अंगावरचे केस. सगळ्या बोआ व्हिश्तावर, म्हणजे आमच्या मोठ्या बेटावर आणि त्याच्या आसपास, हिरवे असे एकच ठिकाण उरले, ते म्हणजे पक्ष्यांचे बेट. पक्ष्यांच्या विष्ठेवर आणि समुद्राच्या दवावर तिथली खारी झुडपे तजेलदार होती. तिथे जायला सर्वांना बंदी होती. बंदी मोडणाऱ्याला पकडण्याचा अधिकार एकट्या बेलार्मिनुला होता. एवढे गणित त्यालाही आले.

“उधाणाच्या ओहोटीला मधला खडक उघडा पडतो,” तो देओलिंदाला म्हणाला. “घोट्याएवढं पाणी. शेळ्या चालत जातील.”

“आणि पक्षी? उघड्यावर अंडी असतात त्यांची. खूर पडले की संपलं.”

“पक्षी सरकारचे. शेळ्या आपल्या.”

“माझ्या,” देओलिंदा म्हणाली.

“तेच ते.”

ते तेच नव्हते, पण त्या आठवड्यात तिची तीन करडे मेली होती. तिने होकार दिला. पुढच्या उधाणाला कळप पलीकडे गेला. कुंपणानेच शेत खायला सुरुवात केली, आणि ते दिवसाढवळ्या.

देओलिंदा रोज दूध काढायला बेटावर जाई. पाणी उतरले असले तर कंबरभर पाण्यातून, चढले असले तर होडीतून. सोबत मक्याचा कोंडा घातलेला पत्र्याचा डबा असे. त्यावर लाकडी दांडीने ठेका धरला की शेळ्या असतील तिथून धावत येत. ठेका सां जॉनच्या ढोलाचा होता, दोन जड आणि तीन हलके. आमच्याकडच्या पोराबाळांनाही दुसरा ठेका येत नाही.

गावाला हे कळायला फारसा वेळ लागला नाही. सगळ्यांच्या शेळ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि देओलिंदाच्या घरात चीज लागत होते. आता कोणीतरी तक्रार करील असे वाटेल. गाव आले ते अर्धलीने शेळी द्यायला. दुसऱ्याची शेळी सांभाळली की तिला होणारी करडे निम्मी निम्मी, ही जुनी रीत. बेलार्मिनुने टोपी नीट बसवून प्रत्येकाचे ऐकून घेतले, जसा काही तो उपकार करत होता. न्या बियाट्रिशने दोन शेळ्या दिल्या. नावाडी तेओफ्लुच्या सुनेनेही दोन दिल्या. ज्यांनी दिल्या नाहीत त्यांच्याकडे शेळ्या उरल्या नव्हत्या. तत्त्वाचा प्रश्न कोणाचाच नव्हता. लवकरच त्या बेटावर आमच्या सगळ्या गावाचे कान चरू लागले.

शेळीला अंड्याशी वैर नसते. तिला झुडूप हवे असते. ती झुडपाकडे जाते, पक्षी फडफडून उठतो, अंडे घरंगळते किंवा तापून जाते. पक्षी परत येऊन दगडावर बसतो आणि काही दिवस तसाच बसून राहतो. हे आम्ही किनाऱ्यावरून पाहत असू. पाहून चीज खायला घरी जात असू.

वर्षातून एकदा राजधानीहून, प्राइयाहून, दोना झुल्मिरा नावाच्या अधिकारी बाई पक्ष्यांची पाहणी करायला येत. त्या येण्याआधी नगरपालिकेला कळवत, नगरपालिका बेलार्मिनुला कळवी, आणि बेलार्मिनु शेळ्या इकडे आणी. इतकी सोय झाल्यावर लेंड्या वेचायचे कष्ट कोण घेणार? एके वर्षी बाईंनी काळ्या गोळ्यांचा ढीग पाहून विचारले, “हे काय आहे?”

“पक्ष्यांचं, मदाम,” बेलार्मिनु म्हणाला. “दुष्काळ आहे ना, त्यांनाही कोठा धरतो.”

बाईंनी मान डोलावली. एवढी शिकलेली बाई. पण दुपारी देओलिंदाच्या हातचे चीज आणि कशुपा, म्हणजे मक्याची खिचडी, खाऊन आलेल्या माणसाला किती संशय येणार? घरटी कमी का झाली याचे कारणही बेलार्मिनुनेच पुरवले. परदेशी जहाजे मासे ओढून नेतात, पक्ष्यांना खायला उरत नाही. हे थोडेफार खरेही होते, म्हणून खोटे त्याच्यामागे आरामात लपले.

अखेर बाईंनी ठरवले की असल्या ओसाड किनाऱ्यावर एवढी निष्ठा दाखवणाऱ्या माणसाचा सत्कार व्हावा. प्रमाणपत्र द्यायचे, फोटो काढायचे. बेलार्मिनुला हे कळले तेव्हा तो आठवडाभर घरात शिरतानाही दाराला टोपी लागेल म्हणून वाकत होता. सत्कार प्राइयात होणार होता. त्यानेच कळवले की नको, सां जॉनच्या दिवशी आमच्याच किनाऱ्यावर करा. त्या दिवशी मिरवणूक संताची मूर्ती घेऊन होड्यांना आशीर्वाद द्यायला समुद्रावर येते. सगळे गाव असेल, पाद्री असेल, ढोल असतील.

“मग त्याआधी शेळ्या इकडे आण,” देओलिंदा म्हणाली.

“आणून खायला काय घालू? तुझी ओढणी? इकडे गवताची काडी नाही. राहू देत तिकडेच. भरतीची वेळ दिली आहे मी. भर उधाणाचं पाणी असेल, बाई काय पोहत जाणार आहे?”

“आणि काही झालं तर? माझ्या घराण्याची खूण आहे त्यांच्या कानावर, बेलार्मिनु. तुझ्या टोपीवर नाही.”

“तुला माझ्या टोपीचा एवढा राग का गं? त्याच दिवशी पाद्रीला सांगणार आहे. सगळ्यांसमोर, प्रमाणपत्र हातात असताना. मग तर झालं?”

तिचे झाले. तिने नवी ओढणी काढली. एवढ्या वर्षांत त्याला ओळखून असलेल्या बाईने नवी ओढणी काढली याचे मला आजही नवल वाटते.

भरतीची वेळ ठरवताना बेलार्मिनुने एकच चूक केली, आणि ती आमच्या गावात जन्मलेल्या माणसाने करणे म्हणजे कमाल आहे. मिरवणूक वेळेवर येईल असे त्याने धरले. सां जॉनची मिरवणूक माझ्या आठवणीत कधी वेळेवर आलेली नाही. पाद्री आन्सेल्मु एका गावाहून दुसऱ्या गावी येतात, दर गावात त्यांना बसवून घेतात, आणि बसवून घेतले की ग्रोग, म्हणजे उसाची दारू, ओततात. ढोलकरी तर पहाटेपासून ओतलेलेच असतात. दोना झुल्मिरा ठरल्या वेळी आल्या, खोपट्याच्या सावलीत बसल्या, आणि त्यांच्यासमोर भरतीचे पाणी डौलात चढले, थांबले आणि उतरू लागले. बेलार्मिनु दर थोड्या वेळाने रस्त्याकडे पाही आणि मग पाण्याकडे. दुपार कलली तेव्हा कुठे टेकडीआडून संताची मूर्ती दिसली. तोवर उधाणाची ओहोटी लागून बेटापर्यंतचा खडक उघडा पडला होता.

“उशीर झाला, मदाम, प्रमाणपत्र लगेच देऊन टाकू,” तो म्हणाला. “ढोल नंतर.”

“नाही नाही,” बाई म्हणाल्या. “ढोलांसाठी तर मी थांबले आहे.”

मग ढोल वाजले, दोन जड आणि तीन हलके, दहाबारा ढोल एकाच वेळी.

पहिली शेळी बेटाच्या टोकाला आली तेव्हा ती फार कोणाच्या लक्षात आली नाही. मग तिच्यामागे दुसरी आली आणि मग सगळा खडक शेळ्यांनी भरला. एवढा मोठा डबा त्यांनी आयुष्यात ऐकला नसावा. म्हातारी पुढारीण, मिमोझा नावाची, पाण्यात उतरली आणि घोट्याएवढ्या पाण्यातून नीट रांगेत सगळा कळप आमच्याकडे निघाला. ढोलकऱ्यांना वाटले, लोक आपल्या वाजवण्यावर खूश होऊन बघताहेत. ते आणखी जोरात वाजवू लागले. शेळ्या पळू लागल्या. थोड्याच वेळात त्या मिरवणुकीत घुसल्या, एकीने संताच्या पालखीवरचा मक्याच्या पातींचा हार ओढला, आणि ढोल एकेक करून थांबले.

दोना झुल्मिरांच्या हातात प्रमाणपत्र होते. त्यांनी ते खाली केले.

“राखणदार, या शेळ्या बेटावरून आल्या.”

“मलाही तेच दिसतं आहे, मदाम,” बेलार्मिनु म्हणाला. “कोणीतरी माझी पाठ वळलेली बघून सोडल्या असणार. आज सकाळी.”

“कोणाच्या आहेत?”

नावाडी तेओफ्लुने पाइप काढला. “कान बघ की रे, बेलार्मिनु. साऱ्या गावाचे कान तुला पाठ आहेत.”

म्हाताऱ्याला वाटले आपण मोठी चावट गंमत केली. त्याच्या सुनेने त्याचा दंड असा दाबला की पाइप वाळूत पडला.

बेलार्मिनु पुढे झाला. त्याने मिमोझाचा डावा कान दोन बोटांत धरला, उलटसुलट केला, डॉक्टरसारखा पाहिला. तिच्याच दुधाचे चीज तो इतकी वर्षे खात होता. मिमोझाने त्याचा हात हुंगला.

“ही खूण आमच्या गावातली नाही,” तो म्हणाला.

बाईंनी गावकऱ्यांकडे पाहिले. न्या बियाट्रिशच्या दोन शेळ्या तिच्यापुढेच उभ्या होत्या. “मला डोळ्यांनी कमी दिसतं,” ती म्हणाली. तेओफ्लुची सून म्हणाली, “असले कान मी पहिल्यांदाच बघते.” मग जो तो आपापल्या शेळीकडे पाहून ‘नाही, आमची नाही’ म्हणू लागला. एवढी एकी आमच्या गावात मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

पाद्री आन्सेल्मुंचे तोंड वाटेतल्या ग्रोगने लाल झाले होते, पोट मात्र रिकामे होते. ते पुढे आले.

“जुनी रीत तुम्हाला ठाऊक आहे, पोरांनो. सां जॉनच्या दिवशी मूर्तीसमोर जिला धनी नाही ती शेळी संताची. एकदा विचारतो. आहे कोणी धनी?”

कोणीच नव्हते. कोणीतरी सुरा आणायला गेले, आणि दोघा जणांनी मिमोझाला शिंगांनी धरले.

“सोडा तिला,” देओलिंदा म्हणाली.

ती गर्दीत मागे उभी होती. आता पुढे आली, नव्या ओढणीसकट. बेलार्मिनुने तिच्याकडे पाहून डोळे वटारले, मग विनवले, मग टोपीखाली घाम पुसला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

“माझी आहे. डाव्या कानाला फाटा आणि उजव्याला खाच असलेल्या सगळ्या माझ्या. माझ्या बापाची खूण आहे. बाकीच्यांचं ज्याचं त्याने बघावं.”

“बेटावर तुम्ही सोडल्या?” बाईंनी विचारले.

आता सगळा किनारा बेलार्मिनुकडे वळला. त्याने एक शब्द बोलायचा होता. ‘आम्ही’ म्हटले असते तरी पुरे होते. कोणीतरी मागून म्हणाले, “अहो, राखणदाराच्याच घरची ती!” आणि हशा पिकला.

बाई त्याच्याकडे वळल्या. “खरं आहे? या तुमच्या कोण?”

“माझ्या... नाही, मदाम.” त्याने घसा खाकरला. “आमचं लग्न झालेलं नाही. पाद्रींना विचारा, त्यांच्याकडे नोंद सापडणार नाही. मी नुसता जेवायला असतो त्यांच्याकडे. खानावळीसारखं.”

बेलार्मिनुकडून कोणालाच फार अपेक्षा नव्हती. तरी एवढ्या खाली तो उतरेल असे आम्हालाही वाटले नव्हते.

देओलिंदा त्याच्याकडे वळली. तिने त्याला सावकाश वरपासून खालपर्यंत पाहिले.

“खरं बोलतो आहे तो,” ती बाईंना म्हणाली. “नवरा नाही माझा. आणि खानावळ आजपासून बंद.” मग म्हणाली, “शेळ्या मी सोडल्या. दूध मी काढते. पक्ष्यांची अंडी फुटताना मी पाहिली आहेत. काय शिक्षा असेल ती मला सांगा.”

तिने एकदा बोट दाखवले असते तर त्याची टोपी तिथेच उतरली असती. तिने दाखवले नाही. काहीजण याला तिचे प्रेम म्हणतात. मला तसे वाटत नाही. खेकडा पायाखाली आला तर माणूस पाय बाजूला घेतो. त्यात खेकड्यावर माया नसते.

शिक्षा अशी काही झाली नाही. शेळ्या आत्ताच्या आत्ता किनाऱ्यावरून न्यायच्या, पुन्हा बेटावर दिसल्या तर जप्त, एवढे बाईंनी बजावले. देओलिंदाने ढोलकऱ्याच्या हातातली एक टिपरी घेतली, खोपट्याशी पडलेला एक रिकामा डबा उचलला आणि चालता चालता त्यावर ठेका धरला. तिच्या खुणेच्या शेळ्या तिच्यामागे निघाल्या. इतर शेळ्याही निघत होत्या, पण त्यांना पाद्रींच्या माणसांनी धरले.

मग दोना झुल्मिरांनी प्रमाणपत्र दिले. हो, दिले. प्राइयाहून आणलेले, फोटोवाला उभा, आणि राखणदाराविरुद्ध कोणी काही बोलले नव्हते. गुन्हेगार तर कबूल झाली होती. बेलार्मिनु शेळ्यांच्या लेंड्यांवर उभा राहून हसला. फोटोत त्या दिसत नाहीत.

संध्याकाळी संताच्या नावाने मोठी कढई चढली. ज्याने त्याने आपापली शेळी ओळखून खाल्ली. न्या बियाट्रिश रडत खात होती आणि धुराने डोळे झोंबतात म्हणत होती. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. तेओफ्लुने खरोखरच तसे म्हटले, आपल्याच सुनेच्या शेळीचा तुकडा चघळत. सुनेने त्याला दुसरा तुकडा वाढला नाही.

बेलार्मिनु घरी गेला तेव्हा दाराला आतून आगळ होती. उंबऱ्याबाहेर त्याचा एक सदरा, वस्तरा आणि चिनी मातीची थाळी ठेवलेली होती. एवढेच सामान घेऊन तो त्या घरात आला होता, किंबहुना वस्तरा आणि थाळीही नव्हती त्यात. त्याने हाका मारल्या. आधी ‘देओ’, मग ‘देओलिंदा’, मग ‘न्या देओलिंदा’. आतून करडू ओरडले, तेवढेच उत्तर.

गावात त्याला कोणी ठेवून घेतले नाही. गाव काही त्याच्यापेक्षा नीतिमान नव्हते, पण ज्याच्यामुळे आपली शेळी आपल्याला खावी लागली त्याला कोण पाट मांडणार? उरले किनाऱ्यावरचे खोपटे. तिथे तो राहायला गेला. आणि तिथे राहिल्यामुळे, दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे, त्याच्या हातून राखण होऊ लागली. तो समोर बसलेला असताना बेटावर कोणाला जाता येईना. कासवांची अंडी उकरायला कुत्री आली की तो दगड मारी, कारण कुत्र्यांमुळे झोप मोडे. दोन हंगामांत बेटाची झुडपे पुन्हा वाढली. आल्कात्राश आधी थोडे आले, मग पुष्कळ आले. आता ते इतके आहेत की वारा तिकडून असला म्हणजे खोपट्यात जेवण जात नाही. दोना झुल्मिरा दर वर्षी खूश होऊन जातात. परदेशी लोक येतात, एकटा म्हातारा, टोपी, मागे पक्षी, असा फोटो काढतात आणि त्याला त्याग म्हणतात.

देओलिंदा शेळ्या घेऊन आत, खजुरांच्या ओढ्यात गेली. पहिल्या कोरड्या ऋतूत तिच्या निम्म्या मेल्या, मिमोझाही मेली. उरलेल्यांवर तिने पुन्हा कळप उभा केला. पूर्वीइतके चीज होत नाही आणि ती ते कोणाला फुकट चाखवत नाही.

गेल्या वर्षी कामानिमित्त मी किनाऱ्यावर गेलो होतो. बेलार्मिनुने मला खोक्यावर बसवले आणि बराच वेळ पक्ष्यांना शिव्या दिल्या. मग जुन्या दोस्ताला म्हणावे तसे हळूच म्हणाला, “कुंपाद, तू ओढ्याकडे जाणार आहेस ना? तिला म्हणावं, या सां जॉनला मी पाद्रीला सांगतो. नवा पाद्री आहे, भला माणूस आहे. या वेळी खरंच सांगतो.”

“टोपीचं काय?”

“टोपी सोडतो म्हणावं.”

मला निरोप पोचवायची हौस नव्हती, पण वाटेवरच होते. देओलिंदा चीज दाबत होती. मी सांगितले. तिने फडके पिळले, पुन्हा घडी घातली, वर दगड ठेवला.

“टोपी सोडायची नाही म्हणावं त्याला,” ती म्हणाली. “बसू दे तिथेच. जन्मात पहिल्यांदाच कामाला आला आहे.”

परत येताना मी बेलार्मिनुला ते जसेच्या तसे सांगितले. सौम्य करून सांगावे असे मला वाटले नाही.

“आणखी काही म्हणाली?”

“नाही.”

समोर ओहोटी लागली होती, खडक उघडा पडत होता, आणि वरच्या बाजूने कोणाच्या तरी चुकार शेळ्या पाण्याकडे निघाल्या होत्या. बेलार्मिनु उठला, शिवी हासडून दगड उचलला आणि त्यांना हाकलायला गेला.